चित्र दिसलं नाही तर

खालचा डावा जबडा इंजेक्शनने बधिर झालेला, ओठ कुणाचा तरी उसना आणून लावल्यासारखा, दाढेखाली कापसाचा बोळा, अशा थाटात वैजनाथ दातांच्या दवाखान्यातल्या काउंटरपाशी पुढच्या खेपेची वेळ घ्यायला उभा होता. काउंटरमागच्या मुलीच्या छातीवरच्या पट्टीवर दीपमाला असं नाव होतं. तिने "सर, ह्यातली कुठली जमते बघा," म्हणत मॉनिटर त्याच्याकडे वळवला, आणि त्यात त्याला त्याची बायको दिसली. बायको म्हणजे एकेकाळची. कोर्टाने दोघांना एकमेकांपासून मोकळं केल्याला सहा वर्षं होऊन गेली होती. दवाखान्याच्या वेबसाइटवर, मोकळ्या वेळांच्या शेजारी, एका चौकटीत कादंबरी हसत होती. वर लिहिलं होतं, 'आमचे समाधानी रुग्ण'. खाली नाव होतं, 'सौ. कुलकर्णी, वनाज'. आणि सौ. कुलकर्णींचं म्हणणं असं होतं की, 'मला अजिबात दुखलं नाही.' वैजनाथने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होता ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि बाहेर आला तो नुसता 'अं'. "बोलू नका सर," दीपमाला म्हणाली, "थोडा वेळ तरी. बधिर असताना गाल चावला गेला तरी कळत नाही, नंतर बोंब होते." त्याने शनिवारच्या एका वेळेवर बोट ठेवलं, आणि ठेवताना ते त्या चौकटीवर पडणार नाही एवढी काळजी घेतली.

बाहेर कोथरूडची संध्याकाळ आपल्या कामात होती. क्लासच्या दारात पोरांच्या गाड्या तिरक्या लावलेल्या, भाजीवालीशी एक निवृत्त गृहस्थ मेथीच्या जुडीच्या वजनावरून नव्हे तर तिच्या नैतिकतेवरून वाद घालत होते. वैजनाथ फुटपाथवरून सावकाश चालू लागला. आपल्याला धक्का बसला आहे, असं वाटायला हवं होतं. तो वाट बघत चालला, पण काही वाटेना. बधिर दाढेकडे जीभ पुन्हा पुन्हा जाते आणि तिला तिथे काही लागत नाही, तसं त्याचं मन त्या चौकटीकडे जाऊन रिकामं परत येत होतं. गालाला हात लावला तर हाताला गाल कळत होता, गालाला हात कळत नव्हता. खरं सांगायचं तर हा बधिरपणा त्या इंजेक्शनच्या कितीतरी आधीचा होता. हिंजवडीच्या बसमध्ये तो बसायचा, उतरायचा, मीटिंगमध्ये मान हलवायचा, डबा खायचा, आणि डब्यात काय होतं हे संध्याकाळी कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून निभावत होतं. गंमत म्हणजे त्याला याचं दुःखही होत नव्हतं. लोक ज्याला शांत स्वभाव म्हणतात त्यातला हाच प्रकार असतो, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. ऑफिसात तर त्याच्या शांतपणाचं कौतुक होतं आणि त्यापायी त्याला बढतीही मिळाली होती.

आणि कादंबरीचा चेहरा असा कुठेतरी भेटणार हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. गणपती उठल्यावर तिची मेल आली होती. सहा वर्षांतली पहिली. 'वैजनाथ, बरा असशील. माझं लग्न ठरलं आहे. सलिलची पहिली पत्नी गेली, त्याला एक मुलगी आहे, सृष्टी, सातवीत. तिला शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला मी सापडले. एका मंगल कार्यालयाच्या साइटवर मी सौ. देशपांडे आहे. कराडच्या ज्योतिषाने माझी अडलेली बढती मोकळी करून दिली आहे. बार्शीच्या मंडपवाल्यामुळे माझ्या मुलीचं लग्न थाटात पार पडलं आहे. सृष्टीला आधी गंमत वाटली. वर्गातल्या मुली चिडवायला लागल्यापासून ती मला विचारते, तुम्ही नक्की कोण? मला या मुलीची आई व्हायचं आहे, आणि तिला द्यायचं पहिलंच उत्तर मला देता येत नाही. दसऱ्याच्या आत तो फोटो काढून टाक. तो एकाच जागी आहे हे मला माहीत आहे, तू ठेवलास तेव्हा मी शेजारीच बसले होते. आणि स्वतःकडे कॉपी ठेवू नकोस. बॅकअप म्हणशील. बॅकअपही नको. कादंबरी.' वैजनाथने ती मेल ऑफिसात, दोन मीटिंगांच्या मध्ये वाचली होती. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. मग त्याने ती 'नंतर' नावाच्या खणात ढकलली आणि पुढच्या मीटिंगला गेला. आता दसरा तोंडावर आला होता. सोसायटीच्या फाटकाशी झेंडूच्या ढिगापाशी बसलेली बाई पाणी मारत होती.

हे सगळं सुरू झालं ते रागातून. वैजनाथ उदगीरकडचा. पुण्यात इंजिनिअरिंगला आला तेव्हा वर्गातली पोरं इंग्रजीत विनोद करत, आणि तो दुसऱ्या दिवशी हसत असे. पुढे नोकरी लागली, कंपन्या भराभर उघडत होत्या, ज्याला वेबसाइट बनवता येई त्याला मागणी होती, म्हणून तो बुधवार पेठेत कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळतात त्या बोळात गेला आणि एका जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स प्रत घेऊन आला. शब्दकोश मांडीवर ठेवून ती वाचली. वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की यातलं निम्मं कुणी मराठीत सांगितलं असतं तर एका संध्याकाळचं काम होतं. याचा त्याला इतका संताप आला की त्याने स्वतःच ते मराठीत लिहायला घेतलं आणि 'विणकाम' या नावाने इंटरनेटवर टाकलं. पान कसं बांधायचं, रंग कसे द्यायचे, चौकट हलत असेल तर काय करायचं, असे एकेक धडे. सगळं फुकट. दानशूर वगैरे तो नव्हता, चिडलेला होता. पण परभणी, हिंगोली, वाशीमच्या सायबर कॅफेत बसलेल्या पोरांना त्याच्याशी काय देणंघेणं? त्यांना ते सरांचं औदार्य वाटलं. सर म्हणायला लागले. आणि माणसाला एकदा सर म्हटलं की तो सर व्हायला लागतो, तसं वैजनाथचंही झालं.

कादंबरी त्याला भेटली ती याच साइटमुळे. साइटवर 'प्रश्न विचारा' असा एक फॉर्म होता. त्यातून एके दिवशी आलं, 'आपल्या तिसऱ्या धड्यात बऱ्याच चुका आहेत. कोडमधलं मला कळत नाही, मराठीतलं कळतं. फुकट वाटताय ते ठीक, पण शुद्ध तरी वाटा.' ती शनिवार पेठेत राहायची आणि एका छापखान्यात क्रमिक पुस्तकांची मुद्रितं तपासायची. वैजनाथने घड्याळ न बघता उत्तर दिलं, तिने त्या उत्तरातल्याही चुका काढल्या, आणि अशा रीतीने वर्षभरात लग्न ठरलं. तिचे वडील श्यामराव शाळामास्तर. त्यांनी पोहे पुढे करत विचारलं होतं, "आपण फुकट शिकवता असं ऐकलं. चांगलं आहे. आम्ही पगार घेऊन शिकवलं, त्यामुळे आम्हाला कुणी सर म्हणत नाही, मास्तर म्हणतात." वैजनाथ हसला होता. त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसाची वाट न बघता.

लिफ्ट बंद होती, तो जिने चढून वर आला. कुलूप काढलं, चपला काढल्या, दिवा न लावता खुर्चीत बसला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती हे त्याला शर्टावर ओल आल्यावर कळलं. याच खोलीत, याच भिंतीशी टेबल होतं आणि त्या टेबलाशी दोन खुर्च्या असत. तो धडे लिही, ती तपासे. लोक धडे वाचून थकतात, त्यांना काहीतरी आयतं द्यायला हवं, असं तिनेच सुचवलं आणि मग त्याने तयार साचे करायला घेतले. साचा म्हणजे बांधून ठेवलेली वेबसाइट. तुम्ही फक्त दुकानाचं नाव घाला, पत्ता घाला, झालं. साच्यांना फुलांची नावं कादंबरीने दिली. जाई, तगर, अबोली. अबोली सगळ्यात लोकप्रिय झाला, कारण त्यात उजवीकडे 'आमचे समाधानी ग्राहक' अशी चौकट होती. तिथे नमुना म्हणून एक फोटो हवा होता. वैजनाथने मित्राचा कॅमेरा आणला, तिला गॅलरीतल्या उजेडात उभं केलं आणि स्वतः स्टुलावर चढला. "जरा समाधानी दिस ना," तो म्हणाला, "ग्राहक वाटली पाहिजेस." "समाधानी? मी?" कादंबरी म्हणाली, आणि जी हसत सुटली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेवढ्यात त्याने बटण दाबलं. त्या फोटोत ती नवऱ्याला हसते आहे, हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. बाकीच्यांना ती कधी मंडपवाल्यावर खूश वाटे, कधी ज्योतिषावर.

तेव्हा पोरं कॅफेत फ्लॉपी घेऊन येत आणि फोटोसकट साचा फ्लॉपीत मावत नसे. म्हणून वैजनाथने एक युक्ती केली होती. फोटो साच्यात घातलाच नाही. तो आपल्या सर्व्हरवर ठेवला आणि साच्यात नुसता त्याचा पत्ता लिहिला. ज्या कुणाच्या साइटवर अबोली उघडे, तिथे तो हसरा चेहरा वैजनाथच्या घरून जाई म्हणा ना. साच्यासोबत ठळक सूचना होती, 'हा फोटो नमुन्याचा आहे, येथे आपल्या ग्राहकाचा घालावा.' पण फुकट मिळालेल्या वस्तूची सूचना वाचतो कोण? लोकांनी नाव बदललं, गाव बदललं, मजकूर बदलला, आणि चेहरा तसाच ठेवला. वैजनाथच्या मनात पुढे यायचं की हे सगळ्यांना कळवायला हवं. पण कळवायचं राहून गेलं, आणि आपलं माणूस चार ठिकाणी मिरवतं आहे याची त्याला मनातून थोडी ऐटही होती.

त्याच आठवड्यात त्याने एक धडा लिहिला होता. 'चित्र दिसलं नाही तर'. वेबसाइटवर चित्र ठेवताना त्यासोबत एक ओळ लिहायची सोय असते. चित्र काही कारणाने आलंच नाही, तर त्याच्या जागी ती ओळ दिसते. अंध माणसाला त्याचा कॉम्प्युटर तीच ओळ वाचून दाखवतो. बहुतेक लोक आळस करून ती जागा मोकळी टाकतात, आणि वैजनाथला याची भयंकर चीड. त्याने लिहिलं होतं, 'आपण घरी नसताना पाहुणा आला तर शेजारी निरोप ठेवतो ना? तशी ही ओळ. ही जागा कधीही रिकामी सोडायची नाही.' कादंबरीने धडा तपासता तपासता विचारलं, "आणि माझ्यासाठी काय निरोप ठेवलास?" त्याने दाखवलं. 'माझी बायको हसायलीय.' ती म्हणाली, "उदगीरच्या बाहेरही लोक वाचतात रे," आणि की-बोर्ड ओढून तिने स्वतः ते 'हसते आहे' केलं. फोटो जागेवर होता तोवर ती ओळ कुणाला दिसण्याचं कारण नव्हतं, आणि दोघंही ती विसरून गेली.

मग एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत 'विणकाम'बद्दल कुणीतरी लिहिलं आणि प्रश्नांचा पूर आला. 'सर, माझा तक्ता मोबाईलवर फुटतो.' 'सर, अक्षरांच्या जागी चौकोन येतात.' 'सर, तुम्ही देवमाणूस आहात, माझा मेनू उघडत नाही.' ऑफिसातून आला की वैजनाथ टेबलाशी बसे, आणि जेवण टेबलाशी येई. उत्तरं आल्या क्रमाने द्यायची, वशिला कुणाचा नाही, हा त्याचा नियम होता. नियमाचा त्याला अभिमान होता. दुसरी खुर्ची कधी स्वयंपाकघरात गेली हे त्याने पाहिलं नाही. श्यामरावांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा कादंबरी दोन्ही घरं सांभाळत होती. ती दारात उभी राहून काही सांगायची आणि तो पडद्याकडे बघत "हं, हं" करायचा. एकदा ती म्हणाली, "वैजनाथ, मी आत्ता काय म्हणाले?" तो म्हणाला, "औषधांचं." ती औषधांबद्दल बोलत नव्हती. आपल्याला मूल हवं आहे की नाही, हे ती विचारत होती.

यानंतर तिने जे केलं ते तीच करू जाणे. वैजनाथ रांगेतले प्रश्न सोडवत होता. त्यात एक असा होता, 'सर, माझा प्रश्न वेबसाइटचा नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे. कधी वेळ आहे? एक वाचक, शनिवार पेठ.' पाठवल्याबरोबर तिला ठरलेलं उत्तर गेलेलं असणार: 'आपला प्रश्न मिळाला. उत्तर क्रमाने दिले जाईल.' आणि क्रम आल्यावर त्याने स्वतः लिहिलं, 'वाचक, कृपया प्रश्न नेमका लिहा. मोघम प्रश्नांना उत्तर देता येत नाही.' शनिवार पेठ हे शब्द त्याने वाचले होते. त्याला काहीही आठवलं नव्हतं. त्या वेळी ती पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि ते उत्तर तिने तिथेच वाचलं असणार, कारण ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्याचा अर्धवट घडी केलेला शर्ट तसाच होता. "नेमका लिहायचा होता, नाही का?" ती म्हणाली. "चुकलंच माझं." भांडण झालं नाही. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. ती वडिलांकडे गेली ती गेलीच. अल्बम तिने नेले. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क एका उन्हाळ्यात जळाली. उरला तो एकच फोटो, सर्व्हरवरचा, साऱ्या महाराष्ट्राला वाटलेला.

अंधार पडला होता. वैजनाथने दिवा लावला आणि लॅपटॉप उघडला. 'नंतर'च्या खणात कादंबरीची मेल होती, तिच्या आधी विम्याचं स्मरणपत्र आणि तिच्या नंतर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दलची सूचना. म्हणजे आपण हिला पुन्हा रांगेत उभं केलं, त्याच्या मनात आलं. क्रमाने. वशिला कुणाचा नाही. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याला काहीतरी झालं. दुःख म्हणावं इतकं ते नव्हतं, लाज होती, आणि तीही कानाच्या पाळीपुरतीच गरम. त्याने सर्व्हर उघडला. कोपऱ्यातला तो जुना खण उघडला. फोटो पडदाभर मोठा केला. पडदाभर केल्यावर तो फुटला, ठिकऱ्यांचा झाला, तेव्हाचे कॅमेरे तसलेच होते. तरी डोळ्यांतलं पाणी दिसत होतं. मागे गॅलरीच्या तारेवर वाळत घातलेला त्याचा टॉवेल दिसत होता. कॉपी करणं म्हणजे बोटाचं एक काम होतं आणि कुणालाही कळणार नव्हतं. त्याने ते करायचं नाही असं ठरवलं नाही. तो नुसता बसून राहिला आणि बोट गेलं नाही. ही बाई एका अनोळखी मुलीला आपण कोण हे सांगायला निघाली होती, आणि तिचा चेहरा इथे त्याच्या मुठीत होता. त्याने फोटो पुसला. 'कायमचा काढून टाकायचा का?' असं यंत्राने विचारलं. यंत्रं नेमकं विचारतात. त्याने होकार दिला.

मग खात्री करायची म्हणून त्याने दवाखान्याची साइट उघडली. हीही जुनीच सवय. काम केलं की तपासून बघायचं. चौकट रिकामी असेल अशी त्याची अपेक्षा होती. चौकट रिकामी नव्हती. 'आमचे समाधानी रुग्ण' याच्या खाली, चेहरा होता तिथे, तुटलेल्या चित्राची बारीकशी खूण होती आणि तिच्याशेजारी काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझी बायको हसते आहे'. त्याने ते वाचलं. त्याला ते कुणी दुसऱ्याने लिहिलं आहे असं वाटलं. त्याने बार्शीचा मंडपवाला उघडला. 'माझी बायको हसते आहे.' कराडचा ज्योतिषी. 'माझी बायको हसते आहे.' मंगल कार्यालय, परभणीचे टायपिंग क्लासेस, कुठल्याशा गावची पतसंस्था, हुरड्याच्या पार्ट्या करणारा एक शेतमळा. जिथे म्हणून तिला त्याने फुकट वाटलं होतं तिथे तिथे त्याचा निरोप उभा होता, आणि तो निरोप आता खोटा होता. ही ओळ त्याच्या सर्व्हरवर नव्हती, ज्याच्या त्याच्या साच्यात होती. त्याला ती इथून पुसता येणार नव्हती. त्याच नावाने दुसरं कुठलं चित्र ठेवलं तर ओळ झाकली जाईल, हे त्याला सुचलं. पण तिच्या जागी आंबा, फूल, दुसरी कुणी बाई असं काही ठेवायचं त्याच्या जिवावर आलं. सगळ्यांना एकेक करून कळवावं लागणार होतं. जे तेव्हा राहून गेलं होतं तेच.

फोन वाजला. "सर, दवाखान्यातून दीपमाला बोलते. बधिरपणा उतरला का?"

"उतरतोय," वैजनाथ म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला जाडाभरडा वाटला.

"दुखायला लागेल आता. गोळी घेऊन ठेवा. आणि सर, एक विचारू का? तुम्ही कागदावर कॉम्प्युटरमध्ये नोकरी असं लिहिलंय नं. आमच्या साइटवर एक फोटो होता, तो आपोआप गेला अन् तिथे भलतंच यायला लागलं. माझी बायको हसते आहे, असं. डॉक्टर म्हणतात, कुणाची? आमची तर पाडव्याला हसते, तेही ओवाळणी बघून."

"साइट कुणी केली तुमची?"

"मीच केली जी. हिंगणघाटला होती तेव्हा मराठीतून शिकली मी, विणकाम म्हणून होतं इंटरनेटवर. फार चांगले सर होते. काही विचारा, लगेच उत्तर. एकदा तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उत्तर आलं. आई म्हणाली, या माणसाच्या घरी कुणीच नसेल का गं?"

वैजनाथने गालावर तळवा दाबला. आता गालाला हात कळत होता. "तो फोटो तुम्ही बदलला नाहीत," तो म्हणाला.

"कोण देते सर फोटो? दाढ काढून कुणी हसते का? अन् ही बाई अशी हसत होती, की वाटे, हिला खरंच काही दुखलं नसेल. काढवेचना." ती थांबली. "हे कसं काढायचं, सांगता का?"

त्याने सांगितलं. जसं आजवर हजारोंना सांगितलं तसं, एका वेळी एकच पायरी. फाइल उघडा. वरच्या बाजूला शोधा. 'समाधानी' हा शब्द लिहा, तिथे जाल. त्याच्या खालच्या ओळीत बघा. दीपमाला प्रत्येक पायरीला "हो जी" म्हणत होती. "सापडलं," ती म्हणाली. "माझी बायको हसते आहे. पुसू?"

दाढेच्या मुळाशी एक बारीक कळ उठली आणि कानापर्यंत गेली. तिच्यामागून दुसरी आली, ती गेली नाही. वैजनाथच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते दाढेचं आहे असं म्हणायची सोय होती, पण तिथे म्हणायला कुणी नव्हतं.

"सर? आहात नं? दुखते का खूप?"

"हो," तो म्हणाला. "खूप दुखतंय. पुसा तुम्ही."

फोनमधून बटणाची टिकटिक ऐकू यायला लागली. मजकूर मागून पुढे पुसत यायचं, म्हणजे आजूबाजूच्या कोडच्या खुणा मोडत नाहीत, असं त्यानेच कुठल्याशा धड्यात सांगितलं होतं, आणि पोरगी तसंच करत होती. 'आहे' गेलं असेल. 'हसते' गेलं. 'बायको' गेलं. 'माझी' सगळ्यात शेवटी गेलं असणार.

"झालं सर," दीपमाला म्हणाली. "आता तिथे काय लिहू? ते सर म्हणायचे, ही जागा कधीही रिकामी सोडायची नाही."

"राहू दे," वैजनाथ म्हणाला. "रिकामीच राहू दे."